प्रवासाची चार कारणं

भूगोलात मी पहिल्यांदा आपटले ती खाडीमुळे. एकट्या खाडीमुळे नाही, पण सुरुवात तिथून झाली. नकाशात ‘बंगाल की खाड़ी’ दाखवा, असं होतं. आता खाडी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. ठाण्याची खाडी, वसईची खाडी. समुद्र जमिनीत चिंचोळा घुसतो, चिखल असतो, तिवरं असतात, ती खाडी. मी चष्म्यावर भिंग धरून बंगालच्या किनाऱ्यावर अशी एखादी फट शोधत बसले. सापडलीही. तिथे पेन्सिलीनं बारीकसा ठिपका दिला आणि वर स्वतःवर खूश झाले. खाली तो एवढा थोरला समुद्र मोकळा पडलेला, त्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. तो तर आपला बंगालचा उपसागर! हिंदीत त्यालाच खाडी म्हणतात, हे निकाल लागल्यावर कळलं.

आधी सांगते मी कोण. मी मूळची भोरची. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. लग्न झालं, आमच्या ह्यांची केंद्र सरकारची नोकरी, दिल्लीला बदली झाली. तीन वर्षांची बदली. लेक तेव्हा कडेवर होती. आता तिचे केस पांढरे व्हायला लागलेत आणि आम्ही फरिदाबादेत तिसऱ्या मजल्यावर आहोत. मधल्या काळात मी वाचायला मिळेल ते वाचलं. वाण्याच्या पुडीचा कागद, ह्यांच्या ऑफिसातून आलेली जुनी मासिकं, लेकीची शाळेची पुस्तकं. लेक एकदा म्हणाली, “आई, एवढं वाचतेस तर दहावी दे ना.” मी हसण्यावारी नेलं. तिनं गुडगावला बसून माझा खुल्या शाळेचा फॉर्म भरूनही टाकला. माध्यम हिंदी. मराठीतून देता येते की नाही मी विचारलंच नाही. येत असती तरी इथे मला मराठीतून शिकवणार कोण, आमचे हे? ते तर मला भाजी चिरायलाही शिकवतात आणि दर वेळी भांडण होतं.

बाकीचे चार विषय सुटले. राहिलं सामाजिक विज्ञान, आणि त्यातही खरा अडसर भूगोल. नावनोंदणीची मुदत ह्याच वर्षी संपत होती. ह्या खेपेला पास झाले नाही, तर सुटलेले चार विषयही गेले. पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि ह्या वयात मी पुन्हा पहिल्यापासून काही करणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. म्हणजे काय ते ह्याच वेळी.

रविवारी एका सरकारी शाळेत आमचे वर्ग भरत. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या लेकीपेक्षाही लहान. वर्गात मी सगळ्यांत म्हातारी, पण सगळ्यांत जास्त बोलणारीही मीच. पहिल्याच महिन्यात मॅडम सांगत होत्या, नदी डोंगरातून येताना काय करते. “गहरी घाटी बनाती है.” मी हात वर केला. “मॅडम, दरी?”

“दरी? दरी कौन बिछा रहा है, आंटीजी?”

वर्गात हशा पिकला. हिंदीत दरी म्हणजे सतरंजी. मी म्हटलं, आमच्याकडे दरीत माणूस पडला तर सापडत नाही. मॅडम म्हणाल्या, “हमारे यहाँ दरी पर मेहमान सोते हैं.” पुढे घाट आला. घाट म्हणजे मला वरंधा घाट. गाडी लागते, लिंबू हुंगायचं, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. इथे घाट म्हणजे यमुनेच्या पायऱ्या. डोंगराचा घाट नदीकाठी येऊन बसला आणि दरी घरात पसरली. मला वाटायला लागलं, हिंदीवाल्यांनी आमचा सगळा भूगोल उचलला आणि भलत्याच जागी मांडून ठेवला.

हवेचंही तेच. आमच्याकडे ‘आज हवा छान आहे’ म्हणतात, ते ऊन-थंडी-गारव्याबद्दल असतं. फरिदाबादेत एका नोव्हेंबरच्या सकाळी छान गारवा सुटला होता, म्हणून जिन्यात मी शेजारणीला म्हटलं, “आज हवा अच्छी है.” बाहेर धुरक्यानं समोरची इमारत दिसत नव्हती. तिनं मास्क नाकावर ओढला आणि म्हणाली, “आंटी, चश्मा बदलवा लो.”

मग मी शहाणी झाले. एक वही केली. डावीकडे हिंदी शब्द, उजवीकडे आपला. अपरदन म्हणजे झीज. जलोढ़ मिट्टी म्हणजे गाळाची माती. जलवायु म्हणजे हवामान. त्याच गाळाच्या मातीतही नवा गाळ तो खादर आणि जुना तो बांगर. त्यातला खादर मला पुस्तकाआधी भाजीवालीनं ऐकवला होता. ती रोज ओरडते, “खादर की लौकी, खादर का खीरा.” मला वाटायचं, खादर हे तिच्या नवऱ्याचं नाव असेल. त्या दिवशी वर्गात तो शब्द निघाला तेव्हा मी जागच्या जागी उडाले. चाळीस वर्षं मी यमुनेचा नवा गाळ खात होते.

अरवलीचा धडाही मला आवडला. सूरजकुंडाकडे जाताना जे खडकाळ उंचवटे दिसतात, बाभळींनी झाकलेले, त्यांना मी कधी डोंगर म्हटलं नव्हतं. सह्याद्री पाहिलेल्या माणसानं म्हणावं तरी कसं? मॅडम म्हणाल्या, हे फार जुने डोंगर, एके काळी खूप उंच होते, ऊन-वारा-पावसानं झिजून झिजून एवढे उरले. ह्यांना म्हणतात अवशिष्ट पर्वत. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, “अहो, तुम्ही अवशिष्ट पर्वत आहात.”

“म्हणजे?”

“म्हणजे पूर्वी उंच होतात.”

“आणि तू?”

“मी गाळाची माती. तुमचंच झिजून आलेलं सगळं माझ्याकडे जमा होतं.”

ते म्हणाले, “पास झालीस की बोल.”

रेखांशाला हिंदीत देशांतर म्हणतात, तिथे मात्र मी अडून बसले. मी मॅडमना म्हटलं, देशांतर म्हणजे माणूस आपला देश सोडून दुसरीकडे राहायला जातो ते. त्या म्हणाल्या, “नहीं आंटीजी, वो तो बस एक लकीर है, ऊपर से नीचे.” मी विचारलं, मग माणूस आपला गाव-देश सोडून जातो त्याला तुम्ही काय म्हणता? त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “वो आगे के पाठ में आएगा. अभी लकीर पर रहिए.”

तो पुढचा पाठ ज्या रविवारी झाला, त्या रविवारी मी भोरला होते, पुतण्याच्या लग्नाला. परत आल्यावर पुस्तक उघडून पाहिलं. जनसंख्येचा धडा. जन्मदर, मृत्युदर आणि तिसरं, प्रवास. जन्मदर-मृत्युदर नीट वाचले. प्रवास बघितला आणि पान उलटलं. प्रवासात काय वाचायचंय? नुकतीच आगगाडीनं जाऊन आले होते, पाय अजून सुजलेले होते. मनात म्हटलं, जनसंख्येच्या धड्यात पुस्तकवाल्यांनी प्रवास का घातला असेल, तर लोक इकडून तिकडे हिंडतात, मोजताना गडबड होत असेल.

तुम्ही म्हणाल, खाडीनं एकदा पोळल्यावर इतकी बेसावध कशी राहिले? मीही तेच म्हणते. पण वहीत मी कुठले शब्द लिहीत होते? जे मला येत नव्हते ते. अपरदन येत नव्हतं, म्हणून लिहिलं. प्रवास येत होता, तो कशाला लिहू? शिवाय तो शब्द मी टीव्हीवर पाहिला होता. टाळेबंदीच्या दिवसांत आम्ही दोघं घरात बसून बातम्या बघायचो. हमरस्त्यानं माणसं चालत निघालेली, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, एकीनं तर बॅगेवर पोराला झोपवून बॅग ओढत नेली होती. आणि खाली पट्टी, ‘प्रवासी मजदूर’. मी म्हटलं, बरोबर आहे, कालपर्यंत मजूर होते, आज रस्त्याला लागले, म्हणून प्रवासी. थोडा रागही आला होता. ह्यांना म्हटलं होतं, “ह्यांना प्रवासी काय म्हणतात मेले? ना तिकीट, ना गाडी.” ह्यांनीही मान डोलावली. त्यांना तरी कुठे माहीत होतं? त्यांचं हिंदी ऑफिसातलं, ‘सूचनार्थ एवं आवश्यक कार्रवाई हेतु’.

परीक्षेच्या दिवशी पेपर हातात आला आणि नकाशा मी सगळ्यात आधी केला. खाड्या, उपसागर, सगळं जागच्या जागी. अरवली झकास लिहिला. शेवटी एक मोठा प्रश्न होता, त्यावर माझी सगळी मदार. ‘प्रवास के चार कारण लिखिए और किन्हीं दो को उदाहरण सहित समझाइए.’ मला देव पावल्यासारखं वाटलं. मी भराभरा लिहिलं. एक, नोकरी. दोन, लग्नकार्य. तीन, आजारपण, मोठ्या इस्पितळात जावं लागतं. चार, देवदर्शन. उदाहरणं दोन दिली. नोकरीचं ह्यांचं. आणि लग्नाचं पुतण्याचं. सगळे नातेवाईक जातात, चार दिवस राहतात, आनंद होतो. शेवटी वाक्य सुंदर हवं म्हणून लिहिलं, ‘और फिर सब अपने घर लौट आते हैं.’ खाली रेघ मारली आणि घंटा व्हायच्या आधीच पेपर देऊन बाहेर आले.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली माझ्या वर्गातली एक जण उभी होती. तिशीची असेल, बिहारकडची, नट-बोल्टच्या कारखान्यात कामाला. रविवारी तिची सुट्टी वर्गात जायची. “आंटी, आखिरी वाला किया?”

“पूरा किया.” मी कारणं सांगितली. देवदर्शनाला ती हसायला लागली. आधी तोंडावर पदर, मग मोठ्यानं.

“आंटी, ये तो घूमना हुआ. प्रवास मतलब गाँव छोड़ के दूसरी जगह जा के बसना. जैसे हम लोग. मैंने तो अपना ही लिख दिया, पढ़ना भी नहीं पड़ा. बाढ़ में खेत गया, काम नहीं था, आ गए. दो कारण तो यहीं हो गए.”

आपल्याकडे ज्याला स्थलांतर म्हणतात ते हे! म्हणजे टीव्हीवरची ती पट्टी, ते लोक चालत होते म्हणून प्रवासी नव्हते. ते आधीपासूनच प्रवासी होते. घरी बसले होते तेव्हासुद्धा.

तिला वाटलं मी रडणार. म्हणाली, “अरे छोड़ो ना आंटी, आप को कैसे पता होगा, आप थोड़ी ना प्रवासी हो.” मग थांबली. “वैसे आप हैं कहाँ की?”

“फरिदाबाद की.”

“उससे पहले?”

“भोर. महाराष्ट्र. पर मैं तो बदली में आई थी.”

“अच्छा. तो वापस कब जाना है?”

मी म्हटलं, रिक्षा आली. खरंच आली होती.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. मला वाटलं चिडवतील. ते एकदम सरकारी झाले. “आपण स्थलांतरित नाही. आपली बदली झाली. ऑर्डर आहे. माझ्या सर्व्हिस बुकात मूळ गाव भोर लिहिलंय, आणि ते शेवटपर्यंत बदललेलं नाही.”

“रिटायर होऊन किती वर्षं झाली?”

“त्याचा काय संबंध?”

“मत कुठे देता?”

“ते सोयीसाठी,” म्हणाले आणि पेपर उघडून बसले. सकाळचा, वाचून झालेला.

मला चैन पडेना. नापास झाले तर पाचही विषय गेले, हे एक. आणि दुसरं, ते कसं सांगू, मला आता काहीच नीट कळेनासं झालं होतं. मी इथे प्रवासाला आले होते की प्रवास करून आले होते? पुढच्या रविवारी वर्ग नव्हता, तरी मी मॅडमना फोन करून शाळेत गाठलं. उत्तर जसंच्या तसं पुन्हा लिहून नेलं होतं. त्या लाल पेन घेऊन बाकावर बसल्या.

“नौकरी. बिल्कुल सही. उदाहरण भी सही.” बरोबरची खूण. “बीमारी. चलो, इलाज के लिए लोग शहर में आ के बस जाते हैं, कोई दयालु होगा तो दे देगा. देवदर्शन, नहीं.” फुली. मग लग्नाशी थांबल्या. “शादी भी कारण है आंटीजी. औरतों के प्रवास का तो सबसे बड़ा कारण है, किताब में पहले नंबर पर लिखा है.”

मी खूश. “तो सही?”

“शब्द सही है. पर आपने बारात वाली शादी लिख दी. लिखनी थी बहू वाली.” त्यांनी पेन टेकवलं. “आप ही बताइए, आप शादी में आई थीं या शादी हो के आई थीं?”

मी म्हटलं, आधी लग्न होऊन भोरमधल्याच दुसऱ्या आळीत गेले, ते दहा मिनिटांवर होतं. मग ह्यांच्याबरोबर इथे. मग मी कुठल्या कारणात बसते? नोकरी त्यांची होती, माझी नव्हती. लग्न माझं होतं, पण ते तर भोरातच झालं होतं. मॅडमनी थोडा विचार केला. त्याही गोंधळल्या, माझ्या डोळ्यांदेखत. मग म्हणाल्या, “किताब में आप के लिए होगा... ‘परिवार के साथ’.”

म्हणजे मला एक वेगळा रकाना आहे. नोकरीवाल्याच्या मागून, बोचक्यासारखी. वाईट वाटलं म्हणावं तर तसंही नाही. बरं वाटलं म्हणावं तर तसंही नाही. पुस्तकात माझी जागा निघाली, हे काही कमी नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी कुठल्याच पुस्तकात नाही.

शेवटी त्या वाक्यावर आल्या, ‘और फिर सब अपने घर लौट आते हैं’. त्याभोवती त्यांनी लाल गोल काढला. रागावून नाही, अगदी हळू. “ये मत लिखना था, आंटीजी. लौट आए तो प्रवास नहीं रहा.”

“आणि लौटने का सोचते सोचते रह गए, तो?”

“वो सिलेबस में नहीं है,” त्या म्हणाल्या, आणि दोघी हसलो. त्या म्हणाल्या, त्या उत्तरावर अर्धे गुण मिळाले तरी निभावेल. नाही मिळाले तर कठीण आहे.

निकालापर्यंतचे दिवस मी कसे काढले विचारू नका. स्वयंपाकात मीठ दोनदा पडायचं. बाजारात गेले की माणसांकडे बघत राहायचे, ह्याचं कारण काय असेल, त्याचं काय असेल. इस्त्रीवाला पुरामुळे गाव सोडून आलेला, दूधवाला इथलाच, पण त्याची बायको लग्न होऊन मथुरेहून आलेली. वरच्या मजल्यावरचं पुण्याचं जोडपं, दोघं संगणकाच्या नोकरीत. त्यांना विचारलं, “तुम्ही स्थलांतरित का?” तर ती मुलगी म्हणाली, “नाही हो काकू, आम्ही फक्त दोन वर्षं आहोत.” मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

निकाल लेकीनं मोबाइलवर बघितला. पास. अगदी काठावर, दोन गुणांनी वर. लेक रडली, हे उठून गूळ-खोबरं शोधायला लागले, आणि मी मात्र विचारत राहिले, “अगं, त्या शेवटच्या उत्तराला किती दिले?” ती म्हणाली, “आई, तसं नाही दाखवत. पास झालीस ना?” झाले खरी. पण परीक्षकानं माझं उत्तर बरोबर धरलं की दया केली, की अरवलीनं मला तारलं, हे मला कधीच कळणार नाही. ज्या प्रश्नाचा अर्थ मला कळला नव्हता, त्याचं उत्तर मी दिलं आणि दहावी झाले.

संध्याकाळी ह्यांनी भोरला फोन लावला. मोठ्या जाऊबाईंनी उचलला. ह्यांनी एवढ्या मोठ्यानं “हिनं दहावी काढली!” सांगितलं की फोनची गरज नव्हती. मग फोन माझ्याकडे आला. जाऊबाई म्हणाल्या, “शाबास गं बाई. आता तरी ये निवांत. पेढे घेऊन ये. प्रवासाचं काय ठरवताय?”

आयुष्यभर ऐकलेलं साधं वाक्य. त्या कुठला प्रवास विचारतायत, हे समजायला मात्र मला एक क्षण लागला. त्या तिकडून “हॅलो, हॅलो” करत होत्या. मी म्हटलं, “तिकिटं काढून कळवते.”

हे उत्साहात होते. लगेच चष्मा लावून मोबाइलवर गाडी उघडून बसले. “जाण्याचं पंधरा तारखेचं बघतो. गर्दी आहे, परतीचं मिळेल की नाही शंका आहे.”

मी म्हटलं, “अहो, मग आधी परतीचं काढा.”

“हो,” ते म्हणाले. बोट मोबाइलवर धरून ठेवलं, आणि वर बघितलं. “परतीचं म्हणजे कुठून कुठे?”